सहायक बॅटरीविषयीच्या आपल्या तक्रारीला दुकानमालकाचे उत्तर

आदरणीय ग्राहक,

आपला दोन ताऱ्यांचा अभिप्राय मी दोनदा वाचला, त्यासोबतचे छायाचित्र मोठे करून पाहिले आणि आपण दुकानात ठेवून गेलेली बॅटरी स्वतः तपासली. त्यामुळे उत्तराला तीन दिवस लागले, त्याबद्दल क्षमा असावी. आपले म्हणणे असे आहे की इलेक्ट्रिक गाडीची १२ व्होल्टची सहायक बॅटरी (गाडी चालवणाऱ्या मुख्य बॅटरीखेरीजची छोटी बॅटरी) आपण आमच्याकडून नेऊन घरी बदललीत, बाराव्या दिवशी गाडी पूर्ण बंद पडली, आणि दुकानात आल्यावर ‘घरी बसवलेल्या बॅटरीला वॉरंटी नाही’ असे ऐकवून आपल्याला परत पाठवण्यात आले. आम्ही जुना माल खपवला, असेही आपण लिहिले आहे.

वॉरंटीबद्दलचे ते वाक्य चुकीचे होते आणि ते मी मागे घेतो. आमची वॉरंटी बॅटरीवर आहे. पाना कोणाच्या हातात होता यावर ती ठरत नाही. ही बॅटरी घरी बदलता येते, आणि जो माणूस काळजीपूर्वक ती बदलू पाहतो त्याला घाबरवून परत पाठवणे आमच्या कामात बसत नाही.

माल मात्र जुना नव्हता. आपली बॅटरी आमच्याकडे आली तेव्हा मीटरवर १०.९ व्होल्ट दाखवत होती. रात्रभर हळू चार्ज करून आणि काही तास तशीच ठेवून मोजली तर १२.७ व्होल्ट भरली, आणि लोड टेस्टमध्येही, म्हणजे जड भार टाकून घेतलेल्या चाचणीतही, ती टिकली. म्हणजे बॅटरीत दोष नव्हता, तिच्यापर्यंत चार्ज पोहोचत नव्हता. का पोहोचत नव्हता, ते आपल्याच छायाचित्रात दिसते. निगेटिव्ह टर्मिनल (बॅटरीवरचा धातूचा खुंट) आणि क्लॅम्प (त्यावर आवळली जाणारी वायरीच्या टोकाची पकड) यांच्यामध्ये आपण शीतपेयाच्या डब्याच्या पत्र्याची पट्टी गुंडाळली आहे आणि तिच्या कापलेल्या कडेला काळपट जळका डाग पडला आहे. अशा पत्र्यावर बाहेरून रंगाचा आणि आतून वार्निशचा थर असतो, त्यातून वीज नीट जात नाही. जो काही संपर्क होता तो त्या कडेपुरताच होता.

पण ती पट्टी लावण्याची वेळ आपल्यावर आमच्यामुळे आली, हे मला स्पष्ट लिहिले पाहिजे. आम्ही बॅटरीची क्षमता जुळवून पाहिली, प्लस-मायनसची बाजू पाहिली, टर्मिनलची जाडी पाहिली नाही. आपल्या गाडीचे क्लॅम्प जाड टर्मिनलचे आहेत, ज्यांचा बुंध्याशी व्यास पॉझिटिव्हला सुमारे १९.५ आणि निगेटिव्हला १७.९ मिलिमीटर असतो. आम्ही दिली ती बारीक टर्मिनलची बॅटरी, सुमारे १४.७ आणि १३ मिलिमीटरची. असा क्लॅम्प दहा नंबरच्या पान्याने शेवटपर्यंत आवळला तरी हाताने फिरतो. तो फिरतो हे लक्षात आल्यावर आपण आपल्या परीने उपाय केलात. चूक बॅटरी निवडणाऱ्याची, म्हणजे आमची.

मुख्य बॅटरी ८० टक्के भरलेली असताना गाडी बंद पडेलच कशी, असा आपला प्रश्न आहे आणि त्यावरूनच आपल्याला फसवणुकीचा संशय आला. गाडी बंद असताना मुख्य बॅटरी कॉन्टॅक्टर नावाच्या मोठ्या रिलेंनी, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचांनी, बाकीच्या गाडीपासून तोडलेली असते, आणि ते रिले जोडायला, दाराचे लॉक उघडायला, गाडीचे कॉम्प्युटर जागे करायला १२ व्होल्टच लागतात. गाडी सुरू झाली की डीसी-डीसी कन्व्हर्टर मुख्य बॅटरीतून या छोट्या बॅटरीला चार्ज करतो, पण ती आधीच उतरलेली असेल तर तिथपर्यंत गाडी पोहोचतच नाही. पेट्रोलच्या गाडीत स्टार्टर जड फिरू लागला की माणूस सावध होतो; इथे स्टार्टरच नसल्यामुळे आदल्या दिवशी सगळे ठीक आणि सकाळी सगळे बंद, असा अनुभव येतो.

आपल्या अभिप्रायातील एका वाक्याने मात्र मला खरी काळजी वाटली. सेटिंग जाऊ नयेत म्हणून आपण चार्जिंगची गन लावलेली ठेवूनच बॅटरी काढलीत. कृपया हे पुन्हा करू नका. गन लागलेली असताना तो कन्व्हर्टर चालू असू शकतो, त्यामुळे बॅटरी काढली तरी तिच्या वायरींची टोके जिवंत राहू शकतात. पॉझिटिव्हचे टोक बॉडीला टेकले तर शॉर्ट होऊन ठिणगी उडते, आणि मध्ये बॅटरी नसल्याने व्होल्टेजचा चढउतार थेट कॉम्प्युटरवर जाऊ शकतो. गन काढून, गाडी बंद करून, गाडीच्या पुस्तिकेत दिलेला वेळ थांबून मगच आधी निगेटिव्ह काढावे. बसवताना निगेटिव्ह शेवटी जोडावे. दारे आणि डिकी विजेच्या लॉकची असल्यास काच खाली ठेवावी आणि किल्ली खिशात असावी. निगेटिव्ह क्लॅम्पवर छोटा सेन्सर असतो त्याला ओढू नये, बॅटरी आतल्या बाजूला असेल तर तिची वायू बाहेर नेणारी नळी पुन्हा जोडावी, आणि मुख्य बॅटरीच्या उच्च व्होल्टेजच्या नारिंगी वायरींना कधीच हात लावू नये. हे सारे बॅटरी देतानाच एका कागदावर लिहून द्यायला हवे होते. तसा कागद आता प्रत्येक बॅटरीसोबत दिला जातो, आणि टर्मिनलचा व्यास मोजल्याशिवाय बॅटरी काउंटरवरून हलत नाही.

आपल्यासाठी जाड टर्मिनलची, त्याच क्षमतेची बॅटरी पूर्ण चार्ज करून बाजूला ठेवली आहे. ती बदलून देण्याचे कोणतेही पैसे नाहीत आणि वॉरंटी नव्या तारखेपासून धरली जाईल. आपण ती घरीच बसवणार असाल तर पट्टी काढल्यावर क्लॅम्पची आतली बाजू तारेच्या ब्रशने स्वच्छ घासून घ्या. आपण गाडी घेऊन आलात तर हे काम आपल्यासमोर मी स्वतः करीन.

आपला,
दुकानमालक