चौदा महिने मातीत आणि तरीही जसेच्या तसे

गेल्या आठवड्यात कंपोस्टचा ढीग उपसत असताना खुरप्याला काहीतरी अडकले आणि ओढून बाहेर काढले, तेव्हा ते माझ्याच व्यवसायाचे पार्सलचे पाकीट निघाले. चौदा महिन्यांपूर्वी मी ते स्वतःच्या हाताने तिथे पुरले होते. पाण्याखाली धरून धुतले, तर त्यावर छापलेले हिरवे पान स्पष्ट दिसत होते, पानाखालचे ‘कंपोस्टयोग्य’ हे अक्षर न् अक्षर वाचता येत होते आणि कडेचा जोड इतका पक्का होता की त्यातून आणखी एक वही पाठवता आली असती. त्याच ढिगात, त्याच काळात घातलेली वाळकी पाने, पुठ्ठ्याचे तुकडे आणि एक फाटका सुती कपडा यांचा मागमूसही उरला नव्हता. हे पाकीट तेवढे उरले होते, आणि ते पाहून आलेला संताप अजून शमलेला नाही.

मी घरातूनच हाताने वह्या बांधण्याचा छोटा व्यवसाय करते. साध्या प्लास्टिकच्या पाकिटातून एकही वही पाठवायची नाही, असे मी सुरुवातीलाच ठरवले होते. म्हणून ही महागडी पाकिटे घेतली आणि प्रत्येक पार्सलमध्ये एक चिठ्ठी घातली, की हे पाकीट कापून कुंडीत किंवा कंपोस्टमध्ये टाका, त्याची माती होईल. शेकडो लोकांना मी हे कळवले आहे. मी पाकीट बनवणाऱ्यावर विसंबले आणि ते लोक माझ्यावर विसंबले. आज त्यांच्यापैकी कितीजणांच्या कुंड्यांमध्ये हे पाकीट तसेच पडून असेल, या विचाराने मला रात्री झोप लागत नाही. माहिती खोटी होती बनवणाऱ्याची, पण तिच्याखाली नाव माझ्या व्यवसायाचे होते.

खोटी म्हणते खरी, पण बनवणाऱ्याला ती कायद्याच्या भाषेत खोटी वाटतच नाही, आणि चीड आणणारी गोष्ट नेमकी हीच आहे. अशी पाकिटे बहुधा पीएलए आणि पीबीएटी या दोन प्रकारच्या प्लास्टिकांच्या मिश्रणाची असतात. पीएलए पिकांमधल्या साखरेपासून तयार होते. पीबीएटी बहुतांशी खनिज तेलापासून येते, पण त्याचा उल्लेख पानाच्या चित्राशेजारी कुणी करत नाही. पीएलए साधारण ५५ ते ६० अंश सेल्सिअसपर्यंत काचेसारखे ताठ राहते. त्यापलीकडे तापमान गेल्यावरच ओलावा त्याच्या रेणूंच्या लांब साखळ्या वेगाने तोडू लागतो आणि सूक्ष्मजीवांना खाता येतील असे तुकडे होतात. ‘कंपोस्टयोग्य’ हा शब्द ज्या ईएन १३४३२ या युरोपीय मानकाच्या आधारे छापला जातो, त्याच्या चाचण्याही मोठ्या कंपोस्ट प्रकल्पातल्या परिस्थितीच्या धर्तीवर, सुमारे ५८ अंशांच्या उष्णतेत होतात. १२ आठवड्यांनंतर २ मिलिमीटरच्या चाळणीवर १० टक्क्यांहून जास्त अवशेष उरता कामा नये आणि ६ महिन्यांत ९० टक्के विघटन व्हावे, ही त्यातली अट. घरचा छोटा ढीग एवढी उष्णता फार तर काही दिवस धरतो, बहुधा तेवढीही नाही. घरगुती कंपोस्टसाठी २० ते ३० अंशांवरची, १२ महिन्यांच्या मुदतीची वेगळी चाचणी असते, आणि माझ्या पाकिटाने ती दिलेलीच नव्हती. हे सगळे बनवणाऱ्याला ठाऊक होते. पाकिटाच्या मागच्या बाजूला, घडीच्या आत, भिंगाशिवाय वाचता न येणाऱ्या अक्षरांत ‘केवळ औद्योगिक सुविधेत’ असे त्याने छापलेही होते. पान तळहाताएवढे आणि अट मुंगीएवढी!

मग या पाकिटाचे करायचे काय? औद्योगिक कंपोस्टचा प्रकल्प माझ्या आवाक्यात कुठे नाही, आणि जे असे प्रकल्प चालवतात त्यांतले कित्येकजण ही पाकिटे बाजूला काढून फेकतात, कारण दिसायला ती साध्या प्लास्टिकसारखीच असतात. प्लास्टिकच्या पुनर्प्रक्रियेत घातली तर ती तिथला माल बिघडवतात. कचऱ्याच्या डोंगरात गेली तर थंड आणि हवा न पोहोचणाऱ्या जागी त्यांचे फारसे काहीच होत नाही. म्हणजे ज्या एका शब्दासाठी मी जास्त पैसे मोजले, तो खरा ठरण्याची सोयच माझ्याभोवती नव्हती, आणि विकणाऱ्याला हे विचारावेसेही वाटले नाही.

हे एका पाकिटापुरते असते तर मी एवढे लिहिले नसते. युरोपीय आयोगाने २०२० मध्ये बाजारातल्या पर्यावरणविषयक दाव्यांची तपासणी केली, तेव्हा ५३ टक्के दावे संदिग्ध, दिशाभूल करणारे किंवा निराधार निघाले. तिथे २०२४ मध्ये अशा मोघम दाव्यांना आळा घालणारा निर्देश मंजूर झाला आणि त्याच्या अंमलबजावणीची तारीख २७ सप्टेंबर २०२६ ठरली. प्लास्टिकच्या डब्याखालचा बाणांचा त्रिकोण घ्या. १९८८ पासून चालत आलेली ती खूण आणि तिच्यातला आकडा फक्त डबा कोणत्या प्लास्टिकचा आहे एवढेच सांगतात. तरी पिढ्यान् पिढ्या लोक तो त्रिकोण पाहून ‘याची पुनर्प्रक्रिया होते’ असे समजत आले, आणि हा गैरसमज दूर करण्याची घाई ज्यांना असायला हवी होती त्यांना ती कधीच नव्हती. माझ्या लेबलांच्या प्रिंटरचीही तीच तऱ्हा. शाईचे कार्ट्रिज हलवले की आत उरलेल्या शाईचा आवाज येतो, पण आतल्या चिपने ‘संपली’ म्हटले की यंत्र पुढे एक अक्षर छापत नाही, आणि त्याच यंत्राच्या खोक्यावर झाडाचे चित्र असते.

आणि उपदेश मात्र आम्हालाच! नळ बंद करा, दिवे मालवा, आपला कार्बनचा ठसा मोजा. मी हे सगळे करते आणि करत राहीन, कारण मला ते मनापासून पटते. पण पाकीट कशाचे बनवायचे, त्यावर काय छापायचे आणि वापरानंतर ते कुठे जाणार, हे निर्णय ज्यांच्या हातात आहेत त्यांनी मोकळे सुटायचे आणि स्वयंपाकघरात उभे राहून तीन डब्यांपैकी कोणत्या डब्यात काय टाकावे याचा अपराधभाव मी वाहायचा, ही वाटणी मला मान्य नाही. कमी संख्येत साधी कागदी पाकिटे हवीत म्हटले, तर पुरवठादार म्हणतो की एवढ्या छोट्या मागणीसाठी यंत्र लावत नाही. त्याने पाठवलेला नमुना प्लास्टिकच्या बबल रॅपमध्ये गुंडाळलेला होता.

मी चिठ्ठी काढून टाकली आहे. ज्यांचे पत्ते माझ्याकडे होते त्या प्रत्येकाला खरी गोष्ट लिहून कळवली आणि माफी मागितली. आता वह्या जुन्या पुठ्ठ्यांच्या खोक्यांतून, ओल्या करून चिकटवायच्या कागदी टेपने बांधून जातात. पाकीट बनवणाऱ्याला मी एकच प्रश्न विचारला होता, की हे पाकीट स्वीकारणारी माझ्या सर्वांत जवळची सुविधा कोणती. उत्तरादाखल एक रंगीत माहितीपत्रक आले, ज्यावर तेच हिरवे पान होते. धुतलेले पाकीट आणि तोच प्रश्न मी काल पुन्हा त्यांच्या पत्त्यावर पाठवला आहे.