चौकोनी चाक आणि पक्याची उधारी

चौकोनी चाकांच्या सायकलचा तो व्हिडिओ ग्रुपवर टाकला पक्यानेच, आणि रविवारी कट्ट्यावर त्याच्या नावाने शंख करायलाही तोच पुढे. घट्ट चड्डी, डोक्यावर हेल्मेट. चहा पितानाही काढत नाही.

"ह्याला सायकल म्हणायचं? सायकल म्हणजे सांगाड्याचे दोन त्रिकोण, दोन गोल चाकं. विषय संपला!"

अण्णा दुकानाच्या पायरीवर पंक्चर काढत होते. मान वर न करता म्हणाले, "त्यात चाक फिरतच नाही रे. चौकट जागच्या जागी, तिच्यावरून पट्टा फिरतो. रणगाड्यासारखा. बघितलास का, की नुसताच पुढे ढकललास?"

मंजूने भर घातली, "खरोखर फिरणारं चौकोनी चाकसुद्धा चालतं. अमेरिकेत, मिनेसोटातल्या मॅकॅलेस्टर कॉलेजात आहे तशी सायकल. फक्त खालचा रस्ता कमानी-कमानींचा लागतो."

"मग आपल्या गल्लीत धावेल," मी म्हटलं.

"छे! कमानी एका मापाच्या लागतात. इथले दोन गतिरोधक सारखे दाखव."

"सर्कस आहे ही," पक्या म्हणाला. "वेगाचं काय? एअरोडायनॅमिक्सचं काय?" (म्हणजे हवा कापत जाण्याचं शास्त्र. हा शब्द तो दिवसातून तीनदा घेतो, जेवणानंतर.)

मंजू ह्याचीच वाट बघत होती. "वेग हवाय? पॅरिस, १९३३. फ्रान्सिस फोर, म्हणजे काही पहिल्या फळीतला गडी नव्हे. मोशे नावाच्या कारागिराने बनवलेल्या सायकलवर रेलून, पाय पुढे टाकून बसला आणि तासात ४५.०५५ किलोमीटर गेला. तासाभरात सर्वाधिक अंतराचा ऑस्कर एगचा १९१४ पासूनचा विक्रम गेला. मग १९३४ साली सायकल शर्यतींच्या जागतिक संघटनेने सायकलची व्याख्याच अशी केली की ही बाद."

"नियम म्हणून काही असतं की नाही?"

"असतं ना. स्कॉटलंडच्या ग्रेम ओब्रीने घरी सायकल बनवली, त्यात वॉशिंग मशीनचं बेअरिंग बसवलं..."

अण्णांचा हात थांबला. "पायडलच्या एक्सलला?"

"हो. हात छातीखाली दुमडून बसायचा. १९९३, नॉर्वेत हामारला, तासात ५१.५९६. पुढच्या वर्षी त्या बसण्यावरच बंदी."

"म्हणजे हरली तर खेळणं, जिंकली तर बेकायदा," अण्णा म्हणाले. "झकास आहे तुझी संघटना."

"माझी कुठे? आणि इंग्लंडच्या बोर्डमनने सहा दिवसांत मोडला तो विक्रम!" पक्याला अखेर एक मुद्दा सापडला.

"सहा दिवस टिकला तरी. तुझं डाएट?"

ह्यावर मला अकरावी आठवली. माझी नवी सायकल पक्या 'एक चक्कर' म्हणून घेऊन गेला आणि संध्याकाळी खांद्यावर आणली. पुढचं चाक ब्रेकमधून फिरेना. तो विषय मी काढलाच.

पक्या छाती काढून म्हणाला, "बघा! गोल नसलेल्या चाकाचा प्रयोग ह्या गावात पहिला कुणी केला?"

"चौकोन कुठला, आठ झाला होता चाकाचा," अण्णा म्हणाले. "बारा स्पोक घातले मी. पैसे आणून देतो म्हणून गेलास तो आज हेल्मेट घालून आलास."

मंजूला चहाचा ठसका लागला. पक्याने खिसे चाचपले, पण त्या चड्डीला खिसे नव्हते. चहाचे पैसेही मीच दिले.