तारखेच्या अलीकडचे आणि पलीकडचे

परिशिष्ट-2 ची, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसनात घर मिळायला कोण पात्र हे सांगणारी यादी लागली की वस्तीत दोन दिवस कोणी फारसे बोलत नाही. सोसायटीच्या ऑफिसबाहेर कागद चिकटवलेले असतात. झोपडी क्रमांक, नाव, जोडलेले पुरावे आणि शेवटच्या रकान्यात पात्र किंवा अपात्र. मागच्या यादीच्या वेळी एका मावशींनी मला बाजूला बोलावून प्लास्टिकच्या पिशवीतून कागद काढले: 2003 चे लाइट बिल, 1995 च्या मतदार यादीचा उतारा, ज्यात नवऱ्याचे नाव बरोबर पण आडनाव भलतेच, आणि 26 जुलै 2005 च्या पाण्यात भिजून चिकटलेले रेशनकार्ड. ते त्यांनी मला उघडू दिले नाही. "फाटेल, भाऊ," म्हणाल्या. त्यांच्या नावापुढे अपात्र लिहिले होते.

मी बारा-तेरा वर्षे मुंबईच्या वस्त्यांमध्ये फॉर्म भरून देतो, अपिले लिहून देतो, आणि आता माझे स्पष्ट मत झाले आहे, की आम्ही कार्यकर्त्यांनी नवी तारीख, म्हणजे ज्या दिवसापर्यंतची झोपडी पुनर्वसनाला पात्र ठरते तो दिवस पुढे सरकवून मागणे बंद केले पाहिजे. माझे काही सहकारी यावर रागावतील. पण त्यांनी तारखांचा इतिहास एकदा पाहावा. आणीबाणीत, 1976 मध्ये, झोपड्यांची गणना होऊन फोटोपास, म्हणजे झोपडीधारकांची फोटो असलेली ओळखपत्रे, दिले गेले. 1985 मध्ये पदपथावरील रहिवाशांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. त्या निकालाचे आपण आजही कौतुक करतो. मात्र पर्यायी जागा त्याच निकालाने 1976 च्या गणनेत नोंद असलेल्यांनाच देऊ केली, हे सांगायचे राहून जाते. 1995 मध्ये युतीचे सरकार आले, 40 लाख झोपडपट्टीवासीयांना मोफत घरांची घोषणा झाली, झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण स्थापन झाले आणि 1 जानेवारी 1995 ही तारीख ठरली. 2004 च्या विधानसभा निवडणुकीत काँग्रेसने 2000 पर्यंतच्या झोपड्यांना संरक्षण देण्याचे वचन दिले, आणि निवडणूक जिंकल्यावर त्याच हिवाळ्यात 1995 नंतरच्या हजारो झोपड्यांवर बुलडोझर फिरला. वचनातली तारीख कायद्यात यायला 2014 उजाडले. तेही निवडणुकीचेच वर्ष. पुढे 2011 पर्यंतच्यांना सशुल्क घर देण्याचे ठरले, पण ते शुल्क अडीच लाख रुपये, एवढे ठरवायला 2023 पर्यंत वाट पाहावी लागली. धारावीत तर तळमजल्याला 1 जानेवारी 2000 आणि माळ्यावर राहणाऱ्यांना 15 नोव्हेंबर 2022, म्हणजे एकाच झोपडीत शिडीच्या खाली एक तारीख आणि वर दुसरी.

तारीख पुढे सरकली की आम्ही वस्तीत पेढे वाटले आहेत. मीही वाटले आहेत. पण प्रत्येक वेळी तिच्या पलीकडे राहिलेल्यांना आम्ही "पुढच्या निवडणुकीपर्यंत थांबा" असे सांगितले, आणि नकळत मतांच्या व्यवहारातले मध्यस्थ झालो. वस्तीची एकजूटही याच तारखेवर फुटते. पात्रांना पाडकाम लवकर हवे असते, अपात्रांना ते कधीच नको असते, आणि विकासकाला निम्म्याहून थोडी अधिक संमती पुरते, जी पात्रांचीच मोजली जाते.

तारीख नसेल तर झोपडपट्टीदादांचे फावेल, हा आक्षेप खोटा नाही. रातोरात पत्रे ठोकून खोल्या विकणारे मी पाहिले आहेत. पण तारखेने त्यांना कधी रोखले? उलट जुन्या पावत्या पैदा करून देण्याचा धंदा या तारखेनेच उभा केला. रात्रपाळीचा सुरक्षारक्षक खोली घेतो ती कायद्याला वाकुल्या दाखवायला नव्हे. त्याच्या पगारात बसेल असे भाड्याचे घर या शहरात नाही. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने (एमएमआरडीए) 2008 मध्ये 160 चौरस फुटांच्या भाड्याच्या घरांची योजना आणली होती, तीही काही वर्षांतच गुंडाळली गेली.

म्हणून सरकार कोणाचेही येवो, आपली मागणी तारखेला बांधलेली नसावी. सर्वेक्षणाच्या दिवशी जो तिथे राहतो, त्याला मालकीचे, हप्त्याचे किंवा भाड्याचे, काहीतरी घर मिळालेच पाहिजे, आणि कोणाला कोणते, एवढाच वाद उरावा. अपात्र ठरवताना कारण पूर्ण वाक्यात लिहून द्यावे आणि अपिलाचा निकाल लागेपर्यंत झोपडीला हात लावू नये. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या कायद्याखालील 1,600 हून अधिक प्रकरणे उच्च न्यायालयात पडून आहेत, हे 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच नोंदवले आणि कायद्याच्या अंमलबजावणीचा लेखाजोखा घ्यायला सांगितले. मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते पुराव्याचे ओझे. रेशनकार्ड सरकारने दिले, मतदार यादी सरकारी यंत्रणेने छापली, त्यात आडनाव चुकवले तेही तिनेच. मग सरकारचाच कागद सरकारला आणून दाखवण्याची जबाबदारी त्या मावशींवर का? कार्यालयाने आपली दप्तरे आपण उघडावीत.

मावशींचे अपील आम्ही दाखल केले आहे, आणि शिधावाटप कार्यालयातील जुन्या नोंदीसाठी माहिती अधिकाराचा अर्जही केला आहे. रेशनकार्डाची प्रत मात्र निघाली नाही. झेरॉक्सवाल्याने ते हातात घेऊन पाहिले आणि मशीनवर दाबायला नको म्हणाला, म्हणून न उघडता, मिटलेल्या कार्डाचाच फोटो काढून अपिलाला जोडला आहे.