हेल्पर ॲड्रेसची एक ओळ आणि ब्रॉडकास्टविषयीचे चार गैरसमज

नेटवर्किंग शिकणाऱ्यांमध्ये, आणि शिकवणाऱ्यांमध्येही, एक सल्ला सर्रास फिरतो. त्याचा आशय असा: राउटर ब्रॉडकास्ट (एका नेटवर्कवरच्या सर्व यंत्रांना उद्देशून पाठवलेले पॅकेट) अडवतो, पण राउटरच्या संबंधित इंटरफेसवर, म्हणजे त्या नेटवर्ककडच्या जोडणीवर, ‘आयपी हेल्पर-ॲड्रेस’ ही एक ओळ टाकली की तो ब्रॉडकास्ट जसाच्या तसा दुसऱ्या नेटवर्कवर पोचतो, डीएचसीपी (यंत्रांना आपोआप आयपी पत्ते देणारी व्यवस्था) असो, प्रिंटर शोधणे असो की वेक-ऑन-लॅन (झोपलेले यंत्र नेटवर्कवरून जागे करणे), सर्वांवर हाच उपाय, गरज पडल्यास पलीकडच्या सबनेटचा (नेटवर्कच्या विभागाचा) ब्रॉडकास्ट पत्ताच हेल्पर म्हणून द्यावा आणि डायरेक्टेड ब्रॉडकास्ट (दूरच्या सबनेटमधल्या सर्वांना पॅकेट पोचवण्याची सोय) सुरू करावा, आतल्या नेटवर्कमध्ये त्याचा धोका नसतो, आणि दुसरा हेल्पर दिला की पहिला सर्व्हर बंद पडल्यावर तो काम सांभाळतो.

यातले पहिले विधान निर्विवाद आहे. २५५.२५५.२५५.२५५ या पत्त्यावरचे पॅकेट राउटरने पुढे पाठवायचे नाही, हे १९८४ च्या आरएफसी ९१९ या इंटरनेटच्या मानक-दस्तऐवजातच सांगितलेले आहे. डीएचसीपीपुरती ती एक ओळ बहुतेक वेळा पुरते, हेही खरे. या सल्ल्याची सगळी पत त्या एका यशावर उभी आहे. मात्र ‘जसाच्या तसा’ या शब्दांपासून पुढचे बहुतेक सारे चुकते.

डीएचसीपीचेच उदाहरण जवळून पाहू. क्लायंट १०.२०.३०.०/२४ या सबनेटमध्ये आहे, राउटरचा तिथला पत्ता १०.२०.३०.१ आहे आणि सर्व्हर १०.१.१.५ वर आहे. क्लायंटला अजून पत्ता नसल्यामुळे त्याचा डिस्कव्हर, म्हणजे सर्व्हरचा शोध घेणारा, संदेश ०.०.०.० कडून २५५.२५५.२५५.२५५ कडे, ६८ क्रमांकाच्या पोर्टवरून ६७ वर जातो. तो ब्रॉडकास्ट राउटरच्या दारातच संपतो. राउटर त्यातला संदेश उचलतो, त्याच्या ‘जीआयॲडर’ या रकान्यात १०.२०.३०.१ हा स्वतःचा पत्ता लिहितो, हॉप्सचा आकडा एकाने वाढवतो आणि थेट १०.१.१.५ साठी वेगळे युनिकास्ट (एकाच यंत्रासाठीचे) पॅकेट तयार करून रवाना करतो. पत्त्यांच्या कोणत्या संचातून पत्ता द्यायचा हे सर्व्हर त्या रकान्यावरून ठरवतो आणि उत्तरही त्याच पत्त्यावर, म्हणजे राउटरकडे, पाठवतो. ते क्लायंटच्या हाती देण्याचे काम पुन्हा राउटरचे. बूटपी या डीएचसीपीच्या पूर्वसूरीतली रिलेची, म्हणजे मध्यस्थाने संदेश पुढे पोचवण्याची, ही पद्धत १९९३ च्या आरएफसी १५४२ मध्ये सविस्तर मांडली गेली आणि डीएचसीपीने ती पुढे चालवली. सर्व्हरच्या नेटवर्कवर या सगळ्यात क्लायंटच्या ब्रॉडकास्टची एकही फ्रेम उमटत नाही.

हा फरक केवळ पुस्तकी नाही, कारण बिघाड शोधताना सारी भिस्त त्यावरच असते. सर्व्हरवर पॅकेट पकडून पाहिली असता डिस्कव्हर, ऑफर (सर्व्हरने देऊ केलेला पत्ता), पुन्हा डिस्कव्हर, पुन्हा ऑफर अशी जोडी फिरत राहते आणि रिक्वेस्ट (क्लायंटने त्या पत्त्याची केलेली मागणी) काही येत नाही, असे दिसले तर हेल्परची ओळ आपले काम चोख करीत आहे. अडचण परतीच्या वाटेवर आहे. एक तर सर्व्हरकडे १०.२०.३०.० कडे जाणारा मार्ग नसतो, किंवा मधल्या फायरवॉलमध्ये ६७ वरून ६८ कडे जाणाऱ्या उत्तराला मुभा दिलेली असते, पण रिलेकडे परतणारे उत्तर ६७ वरच येते हे नियम लिहिणाऱ्याच्या ध्यानात राहिलेले नसते. ‘ब्रॉडकास्ट पलीकडे गेला’ असे चित्र मनात धरणारा माणूस अशा वेळी हेल्परची ओळ पुसून पुन्हा लिहीत बसतो.

‘सर्व ब्रॉडकास्ट’ हा दावा तर आणखी कच्चा आहे. सिस्को कंपनीच्या राउटरांवरील आयओएस या प्रणालीत ही हेल्परची आज्ञा फक्त यूडीपी या प्रकारच्या पॅकेटना लागू होते, आणि त्यातही मुळात आठच पोर्टांना: ३७ टाइम, ४९ टॅकॅक्स, ५३ डीएनएस, ६७ व ६८ बूटपी, ६९ टीएफटीपी, १३७ व १३८ नेटबायोस (विंडोजच्या स्थानिक नेटवर्कांतली जुनी व्यवस्था). यादीबाहेरचे पोर्ट हवे असेल तर ‘आयपी फॉरवर्ड-प्रोटोकॉल यूडीपी’ ही वेगळी आज्ञा द्यावी लागते. शिवाय पॅकेटचा टीटीएल (त्याला आणखी किती टप्पे जाता येईल तो आकडा) किमान दोन असावा लागतो, त्यामुळे एक टीटीएल ठेवून पाठवलेली पॅकेट पोर्ट यादीत असूनही जात नाहीत. उलट बाजूही विसरली जाते: केवळ डीएचसीपीसाठी टाकलेल्या ओळीमुळे नेटबायोसचा गोंगाट निष्कारण डीएचसीपी सर्व्हरवर जाऊन आदळतो, आणि तो थांबवण्यासाठी १३७ व १३८ ही पोर्टे ‘आयपी फॉरवर्ड-प्रोटोकॉल’ आज्ञेपुढे ‘नो’ लावून काढून टाकावी लागतात. हे सर्व त्या एका प्रणालीपुरतेच. सिस्कोच्याच नेक्सस स्विचवर ‘आयपी डीएचसीपी रिले ॲड्रेस’ ही आज्ञा डीएचसीपीखेरीज कशालाही हात लावत नाही. एआरपी, म्हणजे आयपी पत्त्यावरून यंत्राचा मॅक (हार्डवेअर) पत्ता शोधणारी विचारणा, मुळात आयपी पॅकेटच नसल्यामुळे त्याचा इथे प्रश्नच उद्भवत नाही.

प्रिंटर शोधण्याचे उदाहरण या सल्ल्यात का घुसले असावे, हे कळत नाही. आजचे प्रिंटर बहुधा एमडीएनएसने (स्थानिक नेटवर्कवर नावे व सेवा शोधण्याच्या पद्धतीने) सापडतात. ती विचारणा २२४.०.०.२५१ या मल्टिकास्ट (ठरावीक गटासाठीच्या) पत्त्यावर, ५३५३ क्रमांकाच्या पोर्टवर होते. २२४.०.०.० ते २२४.०.०.२५५ या पट्ट्यातले पॅकेट टीटीएल कितीही असला तरी राउटरने पुढे पाठवायचे नसते, आणि हेल्परची नजर ब्रॉडकास्टवर असल्यामुळे त्याला हे पॅकेट आपले वाटतच नाही. इथे अवाही या सेवेतल्या रिफ्लेक्टरसारखी, दोन्ही नेटवर्कांत पाय असलेली, स्वतंत्र व्यवस्था हवी.

वेक-ऑन-लॅनच्या बाबतीत सल्ला अर्ध्या वाटेपर्यंत बरोबर आहे आणि म्हणूनच जास्त फसवतो. जागे करणाऱ्या पॅकेटमध्ये सहा बाइट एफएफ (म्हणजे २५५ हे मूल्य) आणि त्यापुढे लक्ष्य यंत्राचा मॅक पत्ता सोळा वेळा, असा एकूण १०२ बाइटांचा मजकूर असतो. तो सहसा यूडीपीच्या ७ किंवा ९ क्रमांकाच्या पोर्टवर पाठवतात. ही दोन्ही पोर्टे वरच्या आठांत नाहीत. ती जोडून पलीकडच्या सबनेटचा ब्रॉडकास्ट पत्ता हेल्पर म्हणून दिला, तरी पॅकेट शेवटच्या राउटरपर्यंत साध्या युनिकास्टसारखे जाते, आणि तिथे त्याचे इथरनेट ब्रॉडकास्टमध्ये रूपांतर करायचे की नाही, हा निर्णय त्या शेवटच्या इंटरफेसवरील ‘आयपी डायरेक्टेड-ब्रॉडकास्ट’ ही आज्ञा घेते, जी मुळात बंद असते. म्हणजे आज्ञा दोन ठिकाणी, कदाचित दोन वेगळ्या राउटरांवर द्यावी लागते. यावर पळवाट म्हणून काही जण झोपलेल्या यंत्राच्या आयपी पत्त्यावरच पॅकेट पाठवतात. यंत्र नुकतेच झोपले असेल तर तेही जागे होते, कारण राउटरच्या एआरपी तक्त्यात त्याची नोंद शिल्लक असते. आयओएसमध्ये ती चार तास टिकते. संध्याकाळी केलेली चाचणी उत्तम होते आणि सकाळी यंत्र ढिम्म हलत नाही, त्याचे कारण बहुधा हेच.

आता धोक्याविषयी. डायरेक्टेड ब्रॉडकास्ट मुळात बंद का असतो, हे विचारल्याशिवाय तो सुरू करू नये. १९९५ च्या आरएफसी १८१२ नुसार राउटरने तो मुळात चालू ठेवायचा होता. मग स्मर्फ हल्ले सुरू झाले: हल्लेखोर बळीचा पत्ता प्रेषक म्हणून लावून सबनेटच्या ब्रॉडकास्ट पत्त्यावर पिंग (उत्तर मागणारे पॅकेट) पाठवी, तिथली सर्व यंत्रे बळीला उत्तर देत, आणि दोनशे यंत्रे उत्तर देणारी असतील तर एका पॅकेटची दोनशे होत. ऑगस्ट १९९९ च्या आरएफसी २६४४ ने तो नियम उलटा केला. लिनक्स आज ब्रॉडकास्ट पिंगला मुळात उत्तर देत नाही, तेव्हा जुना हल्ला जसाच्या तसा सर्वत्र चालणार नाही. परंतु नेटवर्कवर केवळ संगणक नसतात, आणि ‘आतले’ नेटवर्क म्हणजे एखाद्या संसर्गित लॅपटॉपच्याही आतलेच. खरोखर गरज असेल तर या आज्ञेला ॲक्सेस-लिस्ट (कोणाला मुभा याची यादी) जोडता येते: केवळ व्यवस्थापन सर्व्हरच्या पत्त्यावरून, केवळ ९ क्रमांकाच्या यूडीपी पोर्टवर येणारे तेवढेच सोडावे. यूडीपीत प्रेषकाचा पत्ता खोटा लावणे सोपे असल्यामुळे ही यादीही एकटी पुरेशी नाही. वापरकर्त्यांच्या इंटरफेसवर उलट्या मार्गाची तपासणी (प्रेषकाच्या पत्त्याकडचा मार्ग त्याच इंटरफेसवरून जातो का, हे पाहणे), म्हणजे यूआरपीएफ, सोबत हवी.

राहिला दुसऱ्या हेल्परचा मुद्दा. हेल्परांमध्ये मुख्य आणि राखीव असा भेद आयओएस करीत नाही. दोन पत्ते दिले तर प्रत्येक संदेशाची प्रत दोन्ही सर्व्हरांकडे एकाच वेळी जाते, दोघांकडून ऑफर येऊ शकते आणि निवड क्लायंट करतो. एक सर्व्हर बंद पडला तर दुसरा उत्तर देतो, ते केवळ तो पहिल्यापासूनच उत्तर देत होता म्हणून. त्यामुळे दोन्ही सर्व्हरांवर एकच संच आपापल्या हिशेबाने ठेवला तर एकच पत्ता दोन यंत्रांना दिला जाण्याची वेळ येते. संच दोघांत वाटून द्यावा, किंवा सर्व्हर सॉफ्टवेअरमधली फेलओव्हरची सोय वापरून त्यांच्या नोंदी एकमेकांशी जुळत्या ठेवाव्यात, आणि ही मांडणी राउटरवर नव्हे, सर्व्हरवर करायची असते.