‘चालायला कुठे पैसे लागतात?’

ज्येष्ठांच्या ग्रुपांवर एक मेसेज सारखा फिरतो: “साठीनंतर तब्येत राखायला पैसा नाही, निश्चय लागतो. चालणं फुकट, सरकारी गोळ्या फुकट. कष्टकरी म्हातारे बघा, कसे ठणठणीत! शुगर तर श्रीमंतांचा आजार.”

शुगरचं आधी. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) ‘इंडियाब’ या मधुमेह पाहणीत महाराष्ट्राच्या शहरांत मधुमेह श्रीमंतांपेक्षा गरिबांत जास्त आढळला.

कष्ट म्हणजे व्यायाम नव्हे. उकिडवं बसून चार घरच्या फरश्या पुसताना गुडघे पूर्ण दुमडलेले राहतात आणि दुखलं तरी थांबता येत नाही. पासष्टीनंतर आठवड्याला 150 मिनिटं मध्यम हालचाल, शिवाय निदान तीन दिवस तोल आणि ताकदीचे व्यायाम असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. फरशी पुसून तोल सुधारत नाही, गुडघे मात्र झिजतात.

आता निश्चय. 50 किलो वजनाच्या आजींना दिवसाला साधारण 40 ग्रॅम प्रथिनं हवीत. रेशनचं माणशी 5 किलो धान्य म्हणजे दिवसाला 165 ग्रॅम. त्यातून जेमतेम 15 ग्रॅम मिळतात. उरलेल्या 25 साठी दोन अंडी, वाटीभर घट्ट डाळ आणि पेलाभर दूध रोज लागतं. श्रावणबाळ योजनेचे महिन्याला 1,500, म्हणजे दिवसाचे 50 रुपये. त्यातच तेल, गॅस, भाजी. मशेरीचंही तेच: तव्यावर काळी होईस्तोवर भाजलेली ही तंबाखू दात घासायला म्हणून सुरू होते, पुढे भूक मारायला लागते. ‘मशेरी सोडा’ सांगण्याआधी सकाळी काय खाता, हे विचारायला हवं.

गोळ्या फुकट मिळतात, खरंय. पण बसभाडं आणि बुडालेला रोज कोण देणार? म्हणून रक्तदाबाची गोळी एक दिवसाआड घेऊन पुरवली जाते आणि दाब पुन्हा चढतो. सत्तरीनंतरचं आयुष्मान कार्ड दवाखान्यात भरती झाल्यावर चालतं, रोजच्या गोळ्यांना नाही. फेऱ्या वाचवायला सरकारी आरोग्य केंद्रावर एकदम 30 दिवसांच्या गोळ्या मागाव्यात.

आणि चालणं? त्याला न उखडलेला फुटपाथ लागतो, पायात घट्ट बसणारी चप्पल लागते, वाटेत स्वच्छतागृह लागतं. हे नसेल तर घरातच भिंतीला टेकवलेल्या खुर्चीतून हात न टेकता पाच वेळा उठावं-बसावं, दम घेऊन पुन्हा पाच. मग दाराची चौकट धरून एका पायावर दहा सेकंद. चक्कर आली तर तिथेच थांबावं.