आठ महिन्यांची लेक, माळकरी बाबा आणि बारोलोचे मळे

"एवढ्याशा बाळाला घेऊन वाइनच्या गावाला?" मिलानमधल्या मैत्रिणींनी विचारलं, पुण्याहून नणंदेनं फोनवर विचारलं, आणि आई तर गाडीत बसल्यावरही विचारत होती. आम्ही तरीही गेलो. पुन्हा जाणार आहोत. का, ते सविस्तर लिहिते.

२०२४ चा ऑक्टोबर. लेक आठ महिन्यांची. आई-बाबा पिंपळगावहून आमच्याकडे आलेले. बाबांची द्राक्षबाग आहे, ऑक्टोबर छाटणी तोंडावर होती, ती काकांवर सोपवून ते नातीसाठी आले होते. आठ महिने मी तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत काढले होते. बाळंतपणानंतर बाईला हवा लागू नये, इतपत काळजी मला समजते. पण मूल चालायला लागेपर्यंत आईनं कुठेच जाऊ नये, गेली तर ती स्वतःपुरतं बघते, हे मला मान्य नाही. मला डोंगर बघायचा होता. लेकीला कडेवर घेऊनच बघायचा होता.

इटलीतल्या पिएमोंते प्रांतातला लांगे हा टेकड्यांचा भाग मिलानहून गाडीनं साधारण दोन तासांवर आहे. २०१४ मध्ये युनेस्कोनं इथल्या द्राक्षमळ्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. बारोलो ही वाइन इथली, आणि ती फक्त नेब्बिओलो या एकाच द्राक्षापासून करतात. ऑक्टोबरमध्ये तोडणी चालू असते. सकाळी दरीत धुकं भरलेलं असतं आणि वर फक्त गावांचे मनोरे दिसतात. धुक्याला इटालियनमध्ये नेब्बिया म्हणतात, द्राक्षाचं नाव त्यावरूनच पडलं असं इथली माणसं सांगतात.

आम्ही ला मोर्रा या गावाच्या खाली एका शेतघरात दोन रात्री राहिलो. लहान बाळ असेल तर हॉटेलपेक्षा अशा अग्रितुरिझ्मोत राहा, हे मी अगदी मनापासून सांगते. घरामागे लगेच मळा, बाळाला रांगायला अंगण, आणि स्वयंपाकघरात एक आजी. दोन दिवसांत पाच वाइनरी करायच्या हा हट्ट मात्र सोडा. आम्ही सकाळी एक ठिकाण आणि संध्याकाळी एक ठिकाण, एवढंच ठरवलं होतं. बाबागाडी फारशी कामाची नाही. गल्ल्या चढाच्या आणि दगडी, बाळाला अंगाशी बांधूनच फिरावं लागतं. आणि जेवणाची वेळ सांभाळा. दुपारी अडीचच्या सुमारास बहुतेक स्वयंपाकघरं बंद होतात ती थेट संध्याकाळी साडेसातला उघडतात. शनिवारी आल्बा या जवळच्या शहरात जेवायला गेलो तर एका ठिकाणी बाळ दिसताच जागा नाही म्हणाले, मागे चार टेबलं रिकामी असताना. वाईट वाटलं. मुलं म्हणजे गिऱ्हाइकांना त्रास, असं मानणारी जागा कितीही नावाजलेली असली तरी मी तिथे पुन्हा पाय ठेवणार नाही.

पण ती एकच जागा. बाकी सगळीकडे लेकीला आमच्याआधी नमस्कार. "किती महिन्यांची?" हा प्रश्न दर दहा पावलांवर. इटलीत २०२३ मध्ये ३ लाख ८० हजारांहून कमी बाळं जन्मली, २००८ मध्ये तो आकडा पावणेसहा लाखांच्या पुढे होता. गावात बाळ दिसणं हीच आता मोठी गोष्ट झाली आहे. शेतघरातल्या आजींनी न विचारता भाज्यांच्या पाण्यात पास्तिना, म्हणजे अगदी बारीक पास्ता, शिजवली, वरून कच्चं ऑलिव्ह तेल सोडलं. आई बरणीतून तूप काढून तयारच होती. तिनं एक चमचा चाखला आणि म्हणाली, "आपल्या मऊ भातासारखंच आहे की गं." तूप परत पिशवीत गेलं. मला तेव्हा फार हलकं वाटलं.

आता बाबांचं. बाबा माळकरी, वाइनला हात लावणार नाहीत. मी अंगावर पाजते, म्हणून मीही चव घेऊन थुंकले. नवऱ्याला गाडी चालवायची होती, त्यानंही तेच केलं. चव घेऊन थुंकणं तिथे रीतच आहे, कुणी वाकडं बघत नाही. म्हणजे आमच्यापैकी कुणीच वाइन प्यायलं नाही. तरीही ते दोन दिवस द्राक्षाचेच होते.

आजींचा मुलगा तोडणीवर होता. बाबा ओळीत शिरले ते बाहेरच येईनात. आधी माती हातात घेतली. निळसर करडी, चुनखडीची, आपल्या काळ्या रानासारखी नाहीच. मग काडी बघितली. "वर्षातून एकदाच छाटणी?" त्यांनी मला विचारायला लावलं. हो, एकदाच. थंडीत वेल झोपते. आपल्याकडे ती झोपत नाही, म्हणून एप्रिलला खरड छाटणी आणि ऑक्टोबरला फळाची. हे मी दोन्ही भाषांत समजावत होते, तेवढ्यात बाबांनी पानावरचा निळसर डाग बघितला आणि म्हणाले, "बोर्डो!"

तो माणूस कात्री थांबवून बघतच राहिला. मग जोरात मान हलवली. हो, मोरचूद आणि चुन्याचं तेच बोर्डो मिश्रण, डावणी या बुरशीच्या रोगावरचं. त्या वर्षीच्या पावसामुळे डावणीनं त्यांनाही छळलं होतं. त्यानं खिशातून रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे रसातली साखर मोजायची छोटी नळी, काढला, एक मणी पिळून थेंब टाकला आणि बाबांच्या हातात दिला. बाबांनी एक डोळा मिटून तो उजेडाकडे धरला. आपल्याकडे गोडी सतरा-अठरा ब्रिक्स झाली की माल कॅरेटमध्ये भरतात. इथे आतली रेघ चोविसाकडे होती. बाबांनी मणी खाल्ला. बारीक, जाड सालीचा, बियांचा, आधी गोड आणि मग जीभ आखडणारा. लेकीनंही त्यांच्या बोटावरचा रस चाटला आणि तोंड वाकडं केलं. दोघंही हसले, एकाच वेळी.

मी बाबांना पंचवीस वर्षं बागेत बघितलंय, कायम औषधाच्या, भावाच्या, अवकाळीच्या चिंतेत. बागेत उभे राहून नुसते आनंदात असलेले बाबा मी तिथे पहिल्यांदा बघितले. नात खांद्यावर, हातात परक्या देशातला घड. बाळ लहान आहे म्हणून घरी बसलो असतो तर मला हे दिसलं नसतं.

बारोलो १ नोव्हेंबरपासून मोजून किमान ३८ महिने मुरावी लागते, त्यातले १८ लाकडी पिंपात. म्हणजे त्या दिवशी तोडलेली द्राक्षं बाटलीतून बाजारात येतील ती २०२८ च्या जानेवारीत. लेक तेव्हा चार वर्षांची होत आलेली असेल. त्या माणसानं एक बाटली आमच्यासाठी बाजूला ठेवायचं कबूल केलंय. बाबांना म्हटलं, तुम्हीही या, जानेवारीतच जाऊ.

"जानेवारी नको," बाबा म्हणाले, "आपला माल निघायचा असतो तेव्हा. जूनला येतो."