मीटर लावायला दोन मिनिटं लागतात हो!

पाच वर्षांत तीन बॅटऱ्या. एका मारुती 800 साठी! तिन्ही नव्या, तिन्ही पक्क्या बिलाच्या, आणि तिन्ही वेळा काउंटरवरचं वाक्य तेच: "भाऊ, आंख बंद करून घेऊन टाका." घेतल्या मी आंख बंद करून. आता डोक्यात असा जाळ होऊन राहिला आहे की हे लिहिल्याशिवाय झोप यायची नाही.

मे 2025. दुपारचा दीड. धंतोलीत बाबांचे डोळे तपासून बाहेर आलो. डोळ्यांत थेंब टाकलेले, त्यामुळे उन्हाकडे पाहता येत नाही, वय अठ्ठ्याहत्तर. त्यांना गाडीत बसवलं, चावी फिरवली. कट्‌ कट्‌ कट्‌. सेल्फ फिरेचना. पुन्हा चावी. पुन्हा कट्‌ कट्‌. नागपूरचा मे महिना काय असतो हे बाहेरच्याला सांगून कळत नाही. गाडीचा पत्रा हात लावू देत नाही, डांबर चपलेला चिकटतं. लिंबू-सरबतवाल्या भाऊनं आपली गाडी सोडून धक्का मारला, आणखी दोन पोरं आली. काही उपयोग नाही. कार्बोरेटरवाल्या जुन्या गाड्या धक्क्यानं चालू व्हायच्या. ही 2007 ची, एमपीएफआय, म्हणजे कॉम्प्युटरनं पेट्रोल सोडणारी. बॅटरीत अगदीच दम नसेल तर पेट्रोलचा पंप चालत नाही, इंजिनाच्या कॉम्प्युटरला करंट पोचत नाही, मग कितीही ढकला. शेवटी बाबांना ऑटोत बसवून घरी पाठवलं आणि मी तिथं सावली शोधत दोन तास उभा राहिलो.

ती बॅटरी तेरा महिन्यांची होती. तेरा!

आता पहिल्यापासून सांगतो, कारण राग या एका दुपारचा नाही.

2020 मध्ये लॉकडाउननंतर जुनी बॅटरी गेली. गाडी उभीच होती, ठीक आहे, समजू शकतो. नवी घेतली, मोठी वॉरंटीवाली, पूर्ण सीलबंद, "पाणी टाकायची झंझटच नाही". दीड वर्षातच बॉनेट उघडलं की सडक्या अंड्यासारखा वास येऊ लागला. दुकानात सांगितलं. "गरमीमुळे येते भाऊ." त्याच काळात हेडलाइटचे बल्ब तीनदा उडाले. मेकॅनिकला सांगितलं. "लोकल बल्ब असतील." 2022 मध्ये बॅटरीच्या दोन्ही बाजू फुगल्या आणि ती मेली. वॉरंटीत दिली. आठ दिवस फेऱ्या मारल्या, मग एक चिठ्ठी हातात आली: रिजेक्ट. काहून? "कंपनीनं केली भाऊ, आपल्या हातात नाही." आणि लगेच दुसरी समोर ठेवली.

हा वास, हे बल्ब, या फुगलेल्या बाजू! आज मला माहीत आहे की या तीन गोष्टी एकच गोष्ट ओरडून सांगत होत्या: चालू गाडीत बॅटरी चार्ज करणारा डायनामो जास्त व्होल्टेज देतोय, बॅटरी आतून शिजतेय. रोज पन्नास बॅटऱ्या हाताळणाऱ्या माणसाला हे माहीत नव्हतं? मी मानायला तयार नाही.

दुसरी बॅटरी दुसऱ्या दुकानातून. ती जेमतेम पावणेदोन वर्षं टिकली. इथं कळलं की वॉरंटीवर छापलेल्या मोठ्या आकड्यात फुकट बदलून देण्याचा काळ सगळाच नसतो. पुढचा भाग 'प्रो-राटा' असतो, म्हणजे फक्त सूट. आणि ती सूट छापील किमतीवर, ज्या किमतीला बाजारात कोणी बॅटरी घेतच नाही! माझा हिशोब ऐका. छापील किंमत 5200. त्यावर 30 टक्के सूट, म्हणजे 3640 भरायचे. तीच बॅटरी तोच दुकानदार रस्त्यावरून आलेल्या कोणालाही 4100 ला देत होता, वर जुनीचे 800 वजा करून. म्हणजे 3300. वॉरंटीवाल्या गिऱ्हाइकाची जुनी बॅटरी मात्र कंपनीकडे जमा होते, तिचा एक पैसा मिळत नाही. चार वर्षांची हमी म्हणून जी गोष्ट मला विकली, ती वापरायला गेलो तर 340 रुपये जास्त! हे काउंटरवर विकताना सांगायला तोंड दुखतं का?

आणि तिसरी. एप्रिल 2024. या वेळी म्हटलं, बापा, आता तरी नीट विचारू. बनवल्याची तारीख कुठं आहे? पोऱ्यानं वरच्या कोरलेल्या आकड्यांवर बोट ठेवलं, "हा बॅच नंबर आहे." तो बॅच नंबर नव्हता, तारीखच होती, त्या कंपनीच्या कोडमध्ये. प्रत्येक कंपनीचा कोड वेगळा, त्यामुळे साध्या माणसाला वाचता येत नाही. गाडी बंद पडल्यावर बसून लावला तो कोड: बॅटरी मला विकली तेव्हाच अकरा महिन्यांची जुनी होती. अकरा महिने, म्हणजे मागच्या मे महिन्यापासून, पत्र्याच्या शेडमध्ये. लेड-ॲसिड बॅटरी नुसती ठेवली तरी आपोआप उतरत जाते, गरमीत तर भरभर. मधे चार्ज केली नाही तर प्लेटांवर सल्फेटचा थर कडक होतो आणि ती ताकद परत येत नाही. पाकिटबंद दुधावर तारीख छापतात, अन्‌ चार हजारांच्या वस्तूवर कोडं!

वर त्यानं काय केलं? बॅटरी धरून ठेवणारी लोखंडी पट्टी गंजली म्हणून फेकून दिली आणि सायकलच्या ट्यूबनं बांधून दिली. ट्यूबनं! आपले खोदून ठेवलेले रस्ते, त्यावर ती आत नाचत राहणार, आदळून प्लेटांचा मसाला झडणार. पट्टी केवढ्याची येते? अर्थिंगची वायर तर बघितलीसुद्धा नाही. अठरा वर्षांच्या गाडीत ती बॉडीला जिथं बसते तिथं गंज धरतोच. बॅटरी चांगली असूनही सेल्फ मरतुकडा फिरतो आणि बोल बॅटरीला.

मग शेवटी कोणी पकडलं? घाट रोडवर कडुनिंबाखाली टपरी टाकून बसणाऱ्या एका म्हाताऱ्या ऑटो इलेक्ट्रिशियननं. मी काही बोलायच्या आत त्यानं गाडी जंपर लावून चालू केली आणि व्होल्टेज मोजायच्या मीटरच्या दोन पिना टर्मिनलला टेकवल्या. 15.3 व्होल्ट. "कटआउट गेला आहे. किती बॅटऱ्या खाल्ल्या हिनं?" तीन, म्हटलं. त्यानं कपाळाला हात लावला. कटआउट म्हणजे डायनामोचं व्होल्टेज ताब्यात ठेवणारा भाग. गाडी चालू असताना 13.8 ते 14.4 च्या मधे पाहिजे, 15 च्या वर म्हणजे बॅटरीला रोज उकळणं. कटआउट बदलला, अर्थिंग घासून नवी वायर टाकली, सगळे मिळून 850 रुपये. मीटर पुन्हा लावलं: 14.2. दोन मिनिटांचं काम! 2020 पासून तीन दुकानांत, तीन चकचकीत काउंटरांवर, एकाही माणसाला हे दोन मिनिटांचं काम करावंसं वाटलं नाही.

आणि "गरमीमुळे" हे जे उत्तर तोंडावर फेकतात ना, त्याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. गरमी खरी आहे. 23 मे 2013 ला या शहरानं 47.9 अंश पाहिले आहेत. साधारण दहा अंश वाढले की बॅटरीचं आयुष्य अर्ध्यावर येतं, हे या धंद्यात कोणीही सांगेल. मग गरमी आहे म्हणून तर जास्त तपासायला पाहिजे! 2024 च्या मे अखेरीस इथल्या एका स्वयंचलित केंद्रावर 56 अंश नोंदले गेले, देशभर बातमी झाली. हवामान खात्यानं यंत्र तपासलं आणि सेन्सर बिघडल्याचं सांगितलं. आकडा विचित्र आला तर आधी यंत्र बघायचं असतं. तीन बॅटऱ्या एकाच गाडीत मरतात, तरी गाडी कोणी बघत नाही.

लोक सांगतात, जुनी गाडी आहे, विकून टाक. काहून विकू? 2022 मध्ये पाच हजार भरून पुन्हा पाच वर्षांची पासिंग केली आहे. इंजिन सुरेख आहे. बाबांना उंच गाडीत चढता येत नाही, यात ते स्वतः दार उघडून बसतात. मी 35 एएचची (एएच म्हणजे बॅटरीची क्षमता) एक साधी बॅटरी मागतोय, जी माझ्या ट्रेमध्ये बसेल, टर्मिनल बरोबर बाजूला असेल, ताजी असेल. एवढंच. "45 ची टाका ना भाऊ, पॉवरफुल चालेल", हे ऐकून कान किटले. मोठी टाकल्यानं माझा बिघडलेला कटआउट सुधारणार होता का? आणि एक्साइड की अमरॉन यावर घरोघरी, पानठेल्यावर भांडणं. त्यात मीही तावातावानं भांडलो आहे. 15.3 व्होल्टसमोर कुठलंही नाव टिकलं नसतं.

चौथी बॅटरी घ्यायला गेलो तेव्हा तीनशे रुपयांचं मीटर घेऊन गेलो. तीन नग काढायला लावले. पहिला 12.3 व्होल्ट, दुसरा 12.4, तिसरा 12.6 च्या वर, म्हणजे पूर्ण चार्ज. तिसरा घेतला. कोड समोर वाचायला लावला: दीड महिना. बसवल्यावर सेल्फ मारताना व्होल्टेज पाहिलं, दहाच्या खाली गेलं नाही. लोखंडी पट्टी बसवून घेतली, टर्मिनलला व्हॅसलिन लावून घेतलं, कार्डावर शिक्का आणि तारीख. दुकानदार चिडला. "असं कोणी नाही करत भाऊ, मागं गिऱ्हाईक थांबून आहे." नसेल करत कोणी! माझा बाप उन्हात बसला होता.

काल ड्रॉवर आवरताना 2022 ची ती रिजेक्टची चिठ्ठी सापडली. तेव्हा मी नीट वाचलीच नव्हती. खालच्या कोपऱ्यात पेनानं दोन इंग्रजी अक्षरं आहेत: ओ.सी. ओव्हरचार्ज. तीन वर्षांपूर्वी तपासणाऱ्यानं लिहून दिलं होतं. त्या काउंटरवरच्या माणसानं ते वाचलं, चिठ्ठी घडी घालून माझ्या हातात दिली आणि म्हणाला, आपल्या हातात नाही.

उद्या सकाळी दुकान उघडायच्या वेळेला तिथं जाऊन उभा राहणार आहे. पैसे नको मला. ती दोन अक्षरं त्यानं माझ्यासमोर मोठ्यानं वाचून दाखवावी.